पाणी बरे होते

शास्त्रवाचन : यहेज्केल ४७:१–१२



बाबेलच्या बंदिवासात असलेल्या यहेज्केल संदेष्ट्याला परमेश्वराने जे अखेरचे मोठे दर्शन दिले, त्यात मंदिर आहे, वेदी आहे आणि एक नदीही आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा बारीक झरा निघतो व वेदीच्या दक्षिणेकडून बाहेर पडतो. हजार हातांवर तो घोट्याइतका होतो, मग गुडघ्याइतका, मग कमरेइतका. आणि शेवटी पोहल्यावाचून पार करता येऊ नये अशी नदी होते. ही नदी वाहत जाते ती अराबाच्या ओसाड प्रदेशाकडे, ज्या क्षारसमुद्रात मासा जगत नाही त्या समुद्राकडे. देवाच्या सान्निध्यातून निघालेले पाणी मृत्यूने ग्रासलेल्या जागीच जाऊन पोहोचते.

तेथे काय घडते हे सांगताना संदेष्ट्याने आठव्या वचनात 'राफा' हे इब्री क्रियापद योजले आहे. रोग्याला बरे करणे हा त्याचा नेहमीचा अर्थ. यरीहोचे वाईट पाणी अलीशाने चांगले केले, तेथेही हेच क्रियापद आहे (२ राजे २:१९–२२). भाषांतर करणाऱ्याला या ठिकाणी 'शुद्ध' किंवा 'गोड' असा शब्द घालण्याचा मोह होतो. कारण 'पाणी बरे झाले' असे मराठीत कोणी म्हणत नाही. तथापि ते खटकणेच मोलाचे आहे. संदेष्टा मेलेल्या पाण्याकडे घाण म्हणून पाहत नाही, रोगी म्हणून पाहतो.

हा भेद आज आपल्यापुढे प्रत्यक्ष उभा आहे. पुण्याची मुठा पाहा. खडकवासल्याच्या धरणाखाली ती शहरात शिरते, आणि वर्षाचा बराच काळ तिच्या पात्रात प्रवाहापेक्षा सांडपाणीच अधिक असते. पुढे ती मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणून पुजली जाते. अशा नदीचे काय करावे? एक मार्ग सुशोभीकरणाचा : काठ बांधून काढावा, फरसबंदी करावी, दिवे लावावेत. दुसरा मार्ग बरे करण्याचा. 'जीवितनदी' या पुण्यातील संस्थेचे स्वयंसेवक 'दत्तक घेऊ या नदीकिनारा' या उपक्रमातून विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी हे दुसरे काम करीत आले आहेत. काठावरचा कचरा वेचणे, मूळच्या झाडाझुडपांची ओळख करून घेणे व देणे, आणि घरातून नदीत जाणारी विषारी रसायने कमी करण्यास शेजाऱ्यांना शिकवणे, हे ते काम. ते संथ आहे आणि छायाचित्रात फारसे उठून दिसत नाही.

दहाव्या वचनात आणखी एक शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या नदीतील मासे 'आपापल्या जातीप्रमाणे' असतील, असे संदेष्टा सांगतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती व प्राणी निर्माण होतात, तेथे हाच शब्द पुनःपुन्हा येतो. म्हणजे नदीचे बरे होणे ही निर्मितीकडे परत जाण्याची क्रिया आहे. निर्माणकर्त्याने ज्या जागी ज्याला ठेवले, त्याला ती जागा परत मिळते.

म्हणूनच मिळेल ते रोप लावले म्हणजे नदीकाठ बरा होत नाही. आपल्या कित्येक चर्चच्या आवारात डौलाने फुलणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि पात्र झाकून टाकणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. ही झाडे पापी नव्हेत. परंतु करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन व वाळुंज यांचे काम ती करू शकत नाहीत. या मूळच्या झाडांची मुळे काठाची माती धरून ठेवतात, पुराचा जोर मोडतात, पाण्यावर सावली धरतात. आणि ज्या पाखरांची, फुलपाखरांची उपजीविका त्यांच्यावर आहे, त्यांना घर देतात.

वाळुंजाविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवानांनी आपल्या वीणा ज्या झाडांवर टांगल्या (स्तोत्र १३७), त्यांना मराठी पवित्र शास्त्रात 'वाळुंज' म्हटले आहे. ती झाडे मुळात फरात नदीकाठच्या पॉप्लरची असावीत, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांना वाटते. मराठी भाषांतराला मात्र त्यांच्यासाठी आपल्याच ओढ्यानद्यांच्या काठी एक झाड सापडले. आज किती वाचकांनी वाळुंज पाहिला आहे? नदीकाठावरून झाड नाहीसे झाले की शास्त्रातला शब्दही मुका होतो. त्या बंदिवानांचे दुःख ज्या झाडाच्या आधाराने आपल्याला कळायचे, ते झाडच आपण गमावीत आहो.

अकराव्या वचनाकडे मात्र आपण काणाडोळा करू नये. दलदली व डबकी बरी होत नाहीत. ती मिठासाठी राहतात. मीठ अर्पणांसाठी लागते म्हणून ती राखून ठेवली, असे काही भाष्यकार म्हणतात. काहींना त्यात वाहत्या पाण्याशी संबंध तुटलेल्या जागांविषयीचा इशारा दिसतो. हा इशारा मंडळीनेही ऐकावा. उपासना वेदीपाशीच साचून राहिली, उंबरठा ओलांडून बाहेर गेलीच नाही, तर तिचे डबके होण्यास वेळ लागत नाही.

पंजाबातील काली बेईं ही सुमारे १६० किलोमीटर लांबीची नदी सांडपाण्याने व जलपर्णीने मरणपंथास लागली होती. गुरू नानकांच्या स्मृतीने शिखांना ती पवित्र आहे. इ.स. २००० मध्ये बलबीरसिंग सीचेवाल यांच्या पुढाकाराने लोक कारसेवा म्हणून त्या पाण्यात उतरले, हातांनी जलपर्णी उपसली, काठ मोकळे केले. तेथील काम अजून पूर्ण झालेले नाही. पण नदीची सेवा हीही उपासना होय, हे त्यांनी करून दाखवले. मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेल्या नदीचे दर्शन ज्यांच्या शास्त्रात आहे, त्या आपण त्यांच्याकडून हे शिकण्यात कमीपणा मानू नये.

आपण पुण्यात असू, बडोद्यात असू, हैदराबादेत वा दिल्लीत असू. आपल्या शहरातही एखादी नदी आजारी आहे. तिच्या खालच्या अंगाला राहणारा मनुष्य आपला शेजारी आहे. आपण धुतलेले, फेकलेले, विसरलेले त्याच्या घागरीत जाते. तेव्हा मंडळीने एखादा काठ निवडावा. तेथे आधीच कोण राबत आहे याची चौकशी करावी आणि नेतृत्व न मागता त्यांच्यात सामील व्हावे. जाणत्याला विचारून मूळचीच रोपे लावावीत, आणि पहिले दोनतीन उन्हाळे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी नावानिशी वाटून घ्यावी. रोप लावण्यास एक सकाळ पुरते. बरे करण्यास चिकाटी लागते.

आपल्या अंतःकरणाचेही असेच आहे. आपल्याला ते सुशोभित करायचे असते, प्रभूला ते बरे करायचे आहे. तो वरून फरशी घालीत नाही. तण उपटतो, गाळ काढतो, आणि जे त्याने आरंभी लावले होते ते पुन्हा रुजवतो.

प्रार्थना : हे निर्माणकर्त्या प्रभो, तुझ्या सान्निध्यातून निघालेले जीवन आमच्यापाशी अडून राहू देऊ नकोस. आमच्या नद्यांना आणि आम्हांला बरे कर. जे वाढताना आम्ही कदाचित पाहणार नाही, ते झाड लावण्याचा विश्वास आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.