डोळे ओलावले, पुढे काय?

उत्तर आफ्रिकेतल्या सीझरिया या शहरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या शेरशेलमध्ये, दरवर्षी ठरावीक काळात लोकांचे दोन तट पडत आणि दगडांनी लढत. भाऊ भावासमोर, बाप लेकासमोर. माणसे मरत, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले होते. ४१८ साली बिशप ऑगस्टीन तिथे गेला आणि ही रीत मोडण्यासाठी त्याने आपली सगळी वाणी पणाला लावली. लोकांनी वाहवा केली तेव्हा त्याला काही साधल्यासारखे वाटले नाही. ते रडू लागले तेव्हा वाटले. पुढे ही हकीकत लिहिताना त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. सुमारे आठ किंवा त्याहून अधिक वर्षे उलटली होती आणि ती लढाई पुन्हा झाली नव्हती.

ख्रिस्ती होण्याआधी ऑगस्टीन मिलानमध्ये वक्तृत्व शिकवत असे. वक्त्याने शिकवावे, रंजवावे आणि हलवावे, हे रोमन वक्ता सिसेरोचे सूत्र त्याने उपदेशाला लावले. देवाचे वचन सांगायला कलाकुसर कशाला, असे मानणाऱ्यांना हे रुचणारे नव्हते. आवेशाला त्याने मंडळीत हक्काची जागा दिली खरी, पण त्याची परीक्षा मात्र वेदीपासून दूर, रस्त्यावर ठेवली. त्याच काळात ग्रीक बोलणारा बिशप जॉन क्रिसोस्टोम उपदेशात टाळ्या नकोत म्हणून कानउघाडणी करत होता आणि श्रोते त्या कानउघाडणीलाच टाळ्या देत होते. चांगल्या वक्त्याची ही जुनीच अडचण आहे.

तेरा शतके ओलांडून थेट इंग्रज उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डकडे येतो, कारण ऑगस्टीनची परीक्षा इथे फार अवघड होते. १७३९मध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला तो कोळसा खाणीतल्या मजुरांपुढे उघड्या मैदानावर बोलू लागला. काजळलेल्या गालांवरून ओघळलेल्या अश्रूंचे पांढरे पट्टे त्याने स्वतः नोंदवले आहेत. अमेरिकेत त्याला ऐकायला गेलेला बेंजामिन फ्रँकलिन तर एक छदामही द्यायचा नाही, असे ठरवूनच उभा होता. व्हाइटफील्डने आपले अनाथालय जॉर्जियात बांधावे, हे त्याला पटलेले नव्हते. भाषण रंगत गेले तसे आधी तांब्याची नाणी द्यावीत असे वाटले, मग चांदीची, आणि शेवटी सोन्यासकट सगळा खिसा थाळीत रिकामा झाला. फ्रँकलिन हिशेबी माणूस. आवाज किती दूर पोहोचतो ते चालत मोजून, तीस हजारांहून अधिक लोकांना तो ऐकू जाईल, असा अंदाजही त्याने बांधला.

पण ते अनाथालय चालवण्यासाठी व्हाइटफील्डने १७४७ साली दक्षिण कॅरोलिनात गुलामांकरवी कसला जाणारा मळा घेतला आणि जॉर्जियातली गुलामगिरीवरची बंदी उठावी म्हणून वजन खर्च केले. १७५१मध्ये ती उठली. हजारोंना रडवणारा माणूस यात स्वतः हलला नाही. तरीही १७७०मध्ये तो वारल्यावर गाजलेली शोककविता लिहिली ती फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीने. मला यात केवळ भाबडेपणा दिसत नाही. त्याच्या उपदेशातले जे सर्वांसाठी होते, ते तिने आपले म्हणून घेतले होते.

धर्मजागृतीच्या त्याच लाटेतला अमेरिकेतला उपदेशक जोनाथन एडवर्ड्स कमी हातवारे करणारा. १७४१मध्ये एन्फील्डला त्याच्या उपदेशाने लोक किंचाळू लागले. पण किंचाळ्या हा खऱ्या धर्मभावनेचा पुरावा आहे, असे तो मानत नव्हता. १७४६च्या ग्रंथात त्याने खऱ्या धर्मभावनेच्या बारा खुणा दिल्या. आरडाओरडा त्यांत नाही आणि शेवटची खूण आचरणाची. तोही गुलाम बाळगून होता, ही गोष्ट त्याच्याच यादीच्या शेवटच्या ओळीला टोचते.

श्रोत्यांना हलवण्याच्या या कल्पनेला खरे वळण दिले ते अमेरिकेतल्या काळ्या मंडळ्यांनी. ऑगस्टीनपासून एडवर्ड्सपर्यंत हलवणारा एक आणि हलणारे अनेक, असाच हिशेब होता. इथे उपदेशक एक ओळ टाकतो, मंडळी उत्तर देते आणि त्या उत्तरावर पुढची ओळ ठरते; बोलणे चढत चढत गाण्यात जाते. कीर्तन ऐकलेल्या मराठी माणसाला हे नवे वाटू नये. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनातून सांगितली, ती श्रोत्याच्या याच सहभागावर भरवसा ठेवून.

५ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी माँटगोमेरीतल्या होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये मार्टिन लूथर किंग बोलायला उभे राहिले. तयारीला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती. लोक कृतीला उभे राहतील एवढा आवेश हवा, पण तो द्वेषाकडे वळू नये एवढा आवरही हवा, या पेचाबद्दल त्यांनी पुढे लिहिले आहे. त्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणात लोकांचा आवाज काढून टाकला तर भाषण अर्धे उरेल. किंग बसल्यावर बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार चालू ठेवायचा ठराव मांडला गेला आणि लोकांनी उभे राहून तो मंजूर केला. मग ते ३८१ दिवस कामावर पायी गेले किंवा एकमेकांच्या गाड्यांतून.