जड गाडीला सूट कशासाठी?

२०२५ च्या सप्टेंबरात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने मोटारींच्या इंधनवापराच्या तिसऱ्या टप्प्यातील नियमांचा सुधारित मसुदा जाहीर केला आणि वाहन उद्योगात उघड दोन तट पडले. ठिणगी पडली ती ९०९ किलो या आकड्यावरून. एवढ्या वजनाच्या आतली, १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेली आणि चार मीटरपेक्षा लांब नसलेली पेट्रोल गाडी असेल, तर कंपनीच्या हिशेबात तिला किलोमीटरमागे तीन ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची सूट द्यावी, असं मसुद्यात म्हटलं होतं. लहान गाड्यांवर जिचा मोठा व्यवसाय उभा आहे त्या मारुतीला सूट रास्त वाटत होती. टाटा, महिंद्र, ह्युंदाई यांचा विरोध होता. वजनाची अशी रेघ ओढल्याने एकाच कंपनीचं भलं होईल आणि सुरक्षितता मागे पडेल, असं त्या बाजूचं म्हणणं. लहान गाडीला सूट द्यावी की नाही यावर बरीच शाई खर्ची पडली. मोठ्या गाडीला हे नियम लागू झाल्यापासून जी सूट मिळते आहे, तिच्याबद्दल त्या मानाने फारच कमी बोललं गेलं. ती सूट काढून टाकली तर ९०९ किलोचं भांडण करायलाच कारण उरत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी ही सूट कुठे आहे ते पाहू. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २०१४ मध्ये अधिसूचित झालेले आणि २०१७-१८ पासून लागू झालेले हे नियम ‘कॅफे’ या नावाने ओळखले जातात. ते एकेका गाडीला लागू होत नाहीत. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचा सरासरी इंधनवापर मोजला जातो. ही सरासरी किती असावी, याचा आकडा मात्र सर्वांना सारखा नाही. २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्याचं सूत्र असं आहे : कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनातून १,०८२ किलो वजा करा, उरलेल्याला ०.००२ ने गुणा आणि त्यात ४.७६९४ मिळवा. येणारं उत्तर म्हणजे शंभर किलोमीटरला किती लिटर इंधन जाळायची मुभा आहे तो आकडा. ज्या कंपनीच्या गाड्या सरासरी १,००० किलोच्या, तिला ४.६ लिटर, जिच्या गाड्या सरासरी १,६०० किलोच्या, तिला ५.८ लिटर. आपल्या नेहमीच्या भाषेत, पहिलीच्या गाड्यांनी जवळपास २२ चं अ‍ॅव्हरेज द्यायचं आणि दुसरीच्या गाड्यांनी १७ चं दिलं तरी भागतं. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले, तर दर गाडीमागे १४४ लिटर जास्त जाळण्याची ही परवानगी आहे. बंगला जितका मोठा तितका घरपट्टीचा दर कमी, असा ठराव एखाद्या नगरपालिकेने केला तर गावात गहजब होईल. इथे तेच एका गुणकाच्या पोटात दडलेलं असल्यामुळे कोणाच्या नजरेत भरत नाही.

वजनाप्रमाणे मर्यादा बदलण्यामागे एक तर्क आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सर्वांना एकच आकडा लावला, तर लहान गाड्या बनवणारी कंपनी बोटही न हलवता पास होईल आणि मोठ्या गाड्यांची कंपनी कितीही सुधारणा करूनही नापास होईल. प्रत्येकीने आपापल्या जागेवरून सुधारावं, म्हणून वजनाची सोय. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण कंपनी नियम पाळताना इंजिनच तेवढं सुधारत नाही. ज्या मापाने तिला मोजतात, ते मापही ती आपल्या सोयीने हलवते. जपानने हा धडा फार आधी दिला आहे. तिथल्या ‘टॉप रनर’ नियमांत गाड्यांचे वजनगट होते आणि वरच्या गटात गेलं की मर्यादा सैल होत असे. कोइचिरो इतो आणि जेम्स सॅली या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या गाड्यांची वजनं तपासली, तेव्हा ती गटाची रेघ ओलांडल्याबरोबर दाटीवाटीने जमा झालेली आढळली. त्यांच्या अंदाजानुसार जपानी बाजारातल्या सुमारे दहा टक्के गाड्यांचं वजन या नियमापायी वाढवलेलं होतं आणि ही वाढ सरासरी ११० किलोंची होती. इंधन वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने लोखंड वाढवलं, ते असं.

आपल्याकडे वजनगटांच्या पायऱ्यांऐवजी ०.००२ या गुणकाचा सरळ उतार आहे, त्यामुळे असं होणार नाही, असं म्हणता येईल. मला ते पटत नाही. रेघेपाशी कंपन्या काय करतात, याचा भारतातला पुरावा तर रस्त्यावर उभा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. त्यानंतर सेडान गाड्यांच्या डिक्क्या कापल्या जाऊ लागल्या. स्विफ्ट डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा ती चार मीटरहून लांब होती. २०१२ मध्ये नव्या रूपात आली ती ३,९९५ मिलिमीटरची होऊन. आज ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून लांबीच्या ओळीवर बोट फिरवा. वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या अभियंत्यांनी आखलेल्या गाड्या, आणि आकडा एकच : ३,९९५. पाच मिलिमीटर तेवढे कायद्यासाठी राखून ठेवलेले. लांबीबाबत इतकं काटेकोर असलेलं कंपन्यांचं गणित वजनाबाबत गाफील राहील, असं समजायला आधार नाही. आणि उताराचं नुकसान पायरीपेक्षा एका बाबतीत जास्तच आहे. एखाद्या कंपनीने उच्च ताकदीचं पोलाद, अ‍ॅल्युमिनियम वापरून, सांगाड्याची रचना बदलून गाड्या शंभर किलोने हलक्या केल्या, तर सूत्र लगेच तिची मर्यादा ०.२ लिटरने आवळतं. कष्टाने मिळवलेल्या बचतीतला मोठा हिस्सा नियमच काढून घेतो. वजन कमी करणं हा इंधन वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. शहरात तर विशेषच, कारण दर सिग्नलला गाडीला दिलेला वेग ब्रेक लावताच उष्णता होऊन वाया जातो. तोच मार्ग आपण तोट्याचा करून ठेवला आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. पहिल्या टप्प्यात सूत्राचं मध्यवर्ती वजन १,०३७ किलो होतं, दुसऱ्यात १,०८२ झालं, २०२५ च्या मसुद्यात ते १,१७० आहे. म्हणजे भारतीय गाड्या जड होत चालल्याची नोंद खुद्द नियमांनीच ठेवली आहे. वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१७-१८ मध्ये प्रवासी गाड्यांच्या विक्रीत एसयूव्ही वर्गाचा वाटा सुमारे २८ टक्के होता; २०२४-२५ मध्ये तो ६५ टक्क्यांवर गेला. ही सगळी वाढ नियमामुळे झाली असं मी म्हणणार नाही. रस्त्यांची अवस्था, उंच बसण्याची हौस, वाढलेलं उत्पन्न, जाहिराती अशी बरीच कारणं आहेत. पण सार्वजनिक हितासाठी केलेला नियम निदान या ओढीच्या विरुद्ध दिशेला तरी असायला हवा होता.

अमेरिकेचा अनुभव याहून जुना आणि जास्त बोलका आहे. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर १९७५ मध्ये तिथे कायदा झाला आणि मोटारींसाठी दहा वर्षांत गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटर, हे उद्दिष्ट ठरलं. त्याचा फायदा खरा होता : तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००२ च्या अहवालाने या नियमांमुळे रोज सुमारे २८ लाख पिंप तेल वाचत असल्याचा अंदाज दिला. पण ‘हलके ट्रक’ या वर्गाला मर्यादा सैल ठेवली होती. कायदा झाला तेव्हा नव्या वाहनांत असे ट्रक साधारण पाचांत एक होते. मग कंपन्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर कुटुंबासाठी गाड्या बसवल्या, त्यांचं नाव एसयूव्ही झालं, आणि आज तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांत निम्म्याहून खूप जास्त वाहनं कायद्याने ‘ट्रक’ आहेत. एका वर्गाला सैल सोडलं की बाजार त्या वर्गात राहायला जातो.

मोठ्या गाडीकडे बोट दाखवण्याचं आणखी एक कारण शुद्ध अंकगणिताचं आहे. वीसचं अ‍ॅव्हरेज पंचवीसवर नेलं की ती मोठी कामगिरी वाटते. दहाचं बारा केलं तर कोणी वळून पाहत नाही. आता बारा हजार किलोमीटरचा हिशेब मांडा. पहिली गाडी ६०० लिटरवरून ४८० वर येते, बचत १२० लिटर. दुसरी १,२०० वरून १,००० वर येते, बचत २०० लिटर. जी गाडी मुळात जास्त पिते, तिच्यात केलेली लहानशी सुधारणाही देशाचं जास्त तेल वाचवते. गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करणाऱ्या देशाने सक्ती कुठे करायची, हे यातून स्पष्ट व्हावं.

आता आक्षेपांकडे. सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. अमेरिकेच्या ज्या अहवालाचा वर उल्लेख केला, त्याच अहवालात समितीच्या बहुमताने असंही नोंदवलं, की गाड्या हलक्या आणि लहान झाल्यामुळे १९९३ या एका वर्षात १,३०० ते २,६०० जास्त मृत्यू झाले असावेत. दोन सदस्यांनी यावर असहमती नोंदवली, तरी हा आकडा टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण जड गाडी वाचवते ती आत बसलेल्याला. बाहेरच्याचं काय? मायकेल अँडरसन आणि मॅक्सिमिलियन ऑफहॅमर यांच्या अभ्यासात असं दिसलं, की धडक देणारं वाहन हजार पौंडांनी, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोंनी जड असेल, तर ज्याला धडक बसली त्या गाडीत मृत्यू होण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी वाढते. हा अमेरिकेतला हिशेब, जिथे समोरही बहुधा मोटारच असते. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालत होती. दर तीन मृतांपैकी जवळपास दोघांभोवती पत्र्याचं कवचच नव्हतं. अशा देशात ‘सुरक्षिततेसाठी जड गाडी’ हा युक्तिवाद म्हणजे एकाचा धोका उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकणं आहे. आतल्या माणसाला वाचवायला मजबूत सांगाडा, एअरबॅग, चांगले ब्रेक हवेत. भारत एनकॅपची चाचणी त्यासाठी आहे. ती वजनाला नव्हे, अपघातातल्या वर्तनाला तारे देते. याच कारणासाठी ९०९ किलोच्या रेघेलाही माझा विरोध आहे. त्या रेघेच्या आत बसण्यासाठी सांगाड्यातलं पोलाद कमी करण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा : नियम कशाला, इंधन महाग करा, लोक आपोआप काटकसर करतील. मुंबईत मे २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि किमतीत करांचा वाटा मोठाच आहे. एसयूव्हीचा वाटा वाढला तो याच वर्षांत. वीस लाखांची गाडी घेणारा पेट्रोलचा भाव पाहून गाडी निवडत नाही. भाववाढ झोंबते ती जुनी स्कूटर घेऊन डिलिव्हरीची कामं करणाऱ्याला. किमतीचं हत्यार इथे चुकीच्या माणसावर चालतं.

तिसरा मुद्दा महाराष्ट्राच्या जवळचा आहे. मोठ्या गाड्या बनवणारे कारखाने चाकण, रांजणगाव, नाशिक इथे आहेत. उतार काढला तर त्यांच्यावर गदा येईल, अशी भीती घातली जाते. परंतु मोठ्या गाडीत नफ्याचं प्रमाण जास्त असतं आणि महागडं तंत्र पेलण्याची ताकदही तिच्यातच असते. महिंद्रच्या नव्या विद्युत एसयूव्ही चाकणलाच तयार होतात, हा त्याचा ढळढळीत पुरावा. शिवाय २०२५ च्या मसुद्यात कंपन्यांना एकत्र येऊन हिशेब द्यायची सोय होती. ‘जमणार नाही’ हे वाक्य उद्योगाने २०१६ मध्येही म्हटलं होतं, जेव्हा सरकारने गाड्यांच्या धुराच्या मानकांत बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर जायचं ठरवलं. १ एप्रिल २०२० ला देश बीएस-६ वर गेला. राहता राहिलं खेड्यातलं मोठं कुटुंब, ज्याला सात आसनी गाडी खरोखर लागते. मर्यादा कंपनीच्या सरासरीला आहे. अशी गाडी विकायला कोणी मना करत नाही. आणि आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसयूव्ही पाच आसनीच आहेत.

विद्युत गाड्यांच्या नावाने मिळणारी मोकळीक मात्र तपासून द्यायला हवी. २०२५ च्या मसुद्यात एक विद्युत गाडी हिशेबात तीन धरली होती. समजा, कंपनीने १२० ग्रॅमच्या ९५ पेट्रोल गाड्या आणि पाच विद्युत गाड्या विकल्या. विद्युत गाडीचा धूर शून्य धरला तर खरी सरासरी ११४ ग्रॅम येते; पाचाच्या पंधरा केल्या की ती १०४ च्या आत दिसते. ते दहा ग्रॅम हवेत जातातच, फक्त वहीत राहत नाहीत. सुरुवातीला प्रोत्साहन म्हणून हे चाललं. आता ते वर्षागणिक कमी व्हायला हवं. वहीवरही भिस्त ठेवून चालणार नाही. युरोपात नव्या गाड्यांत बसवलेल्या इंधनमापकांचे आकडे गोळा करून २०२४ मध्ये अहवाल निघाला, तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर प्रमाणपत्रापेक्षा सुमारे २० टक्के जास्त, आणि प्लग-इन हायब्रीड तर साडेतीनपट इंधन जाळताना आढळल्या. असे मापक इथेही सक्तीचे करता येतील. आणि दंड वसूल व्हायला हवा. २०२२-२३ साठी आठ कंपन्यांकडून सात हजार कोटींहून अधिक दंड येणं निघत असल्याच्या बातम्या २०२४ च्या अखेरीस आल्या. दंडाची नवी तरतूद १ जानेवारी २०२३ पासूनची असल्याने पूर्ण वर्षाचा दंड कसा, या वादात प्रकरण अडकलं.

तिसरा टप्पा एप्रिल २०२७ ते मार्च २०३२ या पाच वर्षांसाठी आखलेला आहे. पहिल्या टप्प्यात उताराचा गुणक ०.००२४ होता, दुसऱ्यात तो ०.००२ झाला, आणि २०२५ च्या मसुद्याने तो तिथेच ठेवला. तो एका फटक्यात शून्य करावा अशी मागणी मी करत नाही. दरवर्षी थोडा थोडा उतरवून २०३२ पर्यंत तो शून्यावर आणावा आणि त्याचं वेळापत्रक आजच नियमात छापावं, म्हणजे कंपन्यांना पुढचे आराखडे आखायला अवधी मिळेल. हे केलं तर मारुतीला वेगळी सूट मागायचं कारण राहणार नाही आणि टाटा-महिंद्रांना तिला विरोध करायचंही.