कमळजेचा परीस



यंदा आमगावात धानाचे रोवणे आटोपले आणि नातवाने हट्ट धरला, ‘हॅरी पॉटर आणि परीस’ पुन्हा वाचून दाखवा. नावातच परीस, मग आमचा कान तिकडे जाणारच. पहिल्या वाचनात जादूच्या गडबडीत एक बारीक गोष्ट माझ्या हातून सुटली होती. परिसाचा धनी निकोलस फ्लॅमेल ६६५ वर्षांचा, बायको ६५८ वर्षांची; परिसापासून होणाऱ्या अमृतावर दोघे जगतात. शेवटी गुरुजी डम्बलडोर सांगतात, परीस नष्ट केला. तर अंथरुणावर पडलेला तो अकरा वर्षांचा पोरगा विचारतो, मग ते दोघे मरतील ना? गुरुजी म्हणतात, निकोलसशी बोलूनच हे ठरले.

तिथे मी थांबलो. नातू म्हणे, आजोबा, पुढे वाचा.

परिसा भागवताची कथा तुम्ही ऐकलेली आहे. महिपतीबोवांनी ‘भक्तविजया’त ती गायिली. रुक्मिणीमातेच्या प्रसादाचा परीस. राजाई घरच्या दारिद्र्याने रडली, म्हणून मैत्रीण कमळजेने नवऱ्याच्या नकळत तो तिला घटकाभर दिला. नामदेवरायांनी पाहिला आणि चंद्रभागेत टाकला!

चाळीस वर्षे मी हा दृष्टान्त सांगितला. इथे टाळ्या हमखास. पण परीस होता कुणाचा, हे श्रोत्यांनी विचारले नाही, मीही नाही. सोने माती मानावे, आपले मानावे. शेजारणीने विश्वासाने दिलेली वस्तू नदीत टाकायचा अधिकार कुठून आला? राजाईने कमळजेला तोंड कसे दाखवायचे? संतांना आपपर भेद नसतो, हे उत्तर मी देत आलो. त्याने आता समाधान होत नाही.

पुढे परिसा भांडायला आला, तेव्हा नामदेवांनी डोहातून ओंजळभर खडे काढले, सारेच परीस. हे मी सामर्थ्य म्हणून रंगवायचो. आता वाटते, ती परतफेड होती. मोह सोड, एवढा उपदेश करून त्यांनी परिसाला घालवले नाही. आधी त्याचे त्याला देऊ केले.

माझ्याकडे असा डोह नाही. कीर्तनाचे मोल घेऊ नये म्हणून कित्येक गावी मी बिदागी परत केली. मंडपात जयजयकार झाला. घरात तांदूळ कुठून आले, ते हिलाच ठाऊक. परवा धीर करून तिला त्याबद्दल विचारले.

हातातले सूप थांबले नाही. म्हणाली, “तेव्हा विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं.”