स्मरणाचा आश्रय कोणता?

साधनमार्गात स्मरणाला जे स्थान आहे ते अन्य कोणत्याही आचाराला नाही. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे चिंतन हेच ज्या मार्गाचे नित्यकर्म, त्या मार्गाच्या अनुयायाला ‘स्मरण करतो तो कोण?’ हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा म्हणून सोडून देता येत नाही. वार्धक्यात ज्याची स्मृती लोपली, पोटच्या पुत्राची ओळख ज्याला उरली नाही, पन्नास वर्षे घोकलेले नामही ज्याच्या ओठांवर येताना अडखळते, अशा उपदेशी पुरुषाची साधना कोठे गेली? ती मेंदूतील पेशींबरोबर झिजून गेली, की अन्यत्र कोठे शिल्लक आहे? आणि दीक्षा घेतल्याचेच ज्याला आठवत नाही, तो दीक्षित राहतो काय? असे वृद्ध आज अनेक घरांतून आहेत, आश्रमांतूनही आहेत. त्यांच्या शुश्रूषेत असलेल्यांच्या मनात हे प्रश्न येतात. पण ते उघड विचारण्याचा त्यांना संकोच वाटतो.

प्रवचनांतून या प्रश्नाला एक ठरीव उत्तर मिळते. रेडिओ बिघडला म्हणून गाणारा मरत नाही. मेंदू हा रेडिओ आणि जीव हा गायक. यंत्र नादुरुस्त झाले तरी गायन चालूच आहे. दृष्टान्त सुबोध आहे, श्रोत्यांना तत्काळ पटतो. परंतु दृष्टान्त हा हेतूची जागा घेऊ शकत नाही, हे तर्कशास्त्राच्या प्रारंभीच शिकविले जाते आणि व्यासपीठावर चढताच विसरले जाते. हा दृष्टान्त कोठपर्यंत लागू पडतो हे पाहण्यास दोन रुग्णांची वृत्ते पुरेशी आहेत.

पहिले वृत्त पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयाचे आहे. तेथे लबोर्न्य नावाचा एक रुग्ण अनेक वर्षे होता. काहीही विचारले तरी त्याच्या मुखातून ‘तां’ एवढाच उच्चार निघे. इतरांचे बोलणे मात्र त्याला बहुतांशी समजे, आणि हातांच्या खुणांनी तो उत्तरेही देई. इ. स. १८६१ मध्ये तो मरण पावल्यावर पॉल ब्रोका या वैद्याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अग्रखंडाचा एक भाग नष्ट झालेला आढळला. येथे रेडिओचा दृष्टान्त चपखल बसतो. सांगणारा आत आहे, त्याला काय सांगावयाचे तेही ठाऊक आहे; बिघाड आहे तो केवळ सांगण्याच्या साधनात.

दुसरे वृत्त अमेरिकेतील हेन्री मोलेसन याचे. अपस्माराच्या असह्य झटक्यांवर उपाय म्हणून इ. स. १९५३ मध्ये, तो सत्तावीस वर्षांचा असताना, कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा आतील भाग काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु त्या दिवसापासून नवी आठवण त्याच्या ठिकाणी टिकेनाशी झाली. बुद्धी शाबूत, वाणी शाबूत, बालपणीच्या गोष्टीही बऱ्याच स्मरणात; मात्र आताच भेटून गेलेला मनुष्य थोड्या वेळाने परत आला तर तो त्याला सर्वस्वी अपरिचित. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने कित्येक वर्षे त्याचा अभ्यास केला, आणि प्रत्येक भेटीत तिला आपली ओळख नव्याने करून द्यावी लागे. इ. स. २००८ मध्ये तो वारला, तोवर पंचावन्न वर्षे ही स्थिती पालटली नाही.

आता गायक कोठे आहे ते दाखवावे. मोलेसन असे म्हणत नव्हता की, ‘मला आत सर्व आठवते, पण बाहेर सांगता येत नाही.’ त्याला आठवतच नव्हते. लबोर्न्यचा दोष प्रकटीकरणाचा होता. मोलेसनचा दोष ज्ञानाच्याच ठिकाणी होता. रेडिओ बिघडल्याने आकाशवाणीवरील गायक आपले पद विसरत नाही. येथे तर गायकच पद विसरला. जीवाचा मेंदूहून भेद सिद्ध करू पाहणाऱ्याने हा आक्षेप आधी नीट ऐकला पाहिजे, कारण तो पूर्वपक्षाचा सर्वांत बलवान आक्षेप आहे.

तो नवाही नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त याने मन व शरीर ही दोन सर्वथा भिन्न द्रव्ये मानली: एक विचार करणारे आणि अवकाश न व्यापणारे, दुसरे अवकाश व्यापणारे आणि विचारशून्य. इ. स. १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहून विचारले की, जे अवकाश व्यापत नाही ते शरीराला हालवते कसे? हा प्रश्न सर्वश्रुत आहे. पण पुढच्याच महिन्यातील पत्रात तिने याहून मार्मिक प्रश्न केला, त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. यथायोग्य विचार करण्याची शक्ती व सवय लाभलेला आत्मा शरीरातील काही बाष्पांच्या विकाराने ती सर्व शक्ती गमावून बसतो, हे कसे? आत्मा जर शरीरावाचून राहू शकतो, तर शरीराच्या हाती त्याचे इतके नियमन का? मोलेसनचा प्रश्न तो हाच, तीनशे वर्षे आधी विचारलेला. देकार्तने जी उत्तरे दिली त्यांनी राजकन्येचे समाधान झाले नाही, आणि न होणेच योग्य होते.

मग मेंदू म्हणजेच मन, असे म्हणावे काय? इ. स. १९५६ मध्ये यू. टी. प्लेस याने व १९५९ मध्ये जे. जे. सी. स्मार्ट याने तसे स्पष्ट प्रतिपादन केले. आकाशात चमकणारी वीज आणि विद्युद्भाराचे वहन या जशा दोन वस्तू नाहीत, तशी संवेदना व मेंदूतील क्रिया या दोन वस्तू नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हे मत टाकाऊ म्हणून हसण्यावारी नेण्याजोगे नाही. तथापि त्यात एक उडी आहे. मेंदू बिघडला की मन बिघडते, यावरून मन मेंदूच्या अधीन आहे एवढेच निष्पन्न होते. अधीनता म्हणजे ऐक्य नव्हे. विल्यम जेम्सने इ. स. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मनुष्याच्या अमरत्वावरील व्याख्यानात हा विवेक केला आहे. किटलीतून वाफ निघते तशी मेंदूतून जाणीव निघते, हा अधीनतेचा एक प्रकार. रंगीत काचेतून प्रकाश येतो तशी मेंदूतून ती येते, हा दुसरा. काच फुटली वा काळवंडली तर खोलीतील उजेड पालटेल. परंतु उजेड काचेने निर्माण केला असे त्यावरून ठरत नाही. रुग्णालयातील निरीक्षण दोन्ही प्रकारांशी सारखेच जुळते. जेम्सने दार उघडे ठेवले, एवढेच. आत काय आहे ते त्याने दाखविले नाही. इ. स. १९७४ मध्ये टॉमस नेगेल याने वटवाघळाचे उदाहरण घेऊन जे म्हटले त्याचेही बळ इतकेच: वटवाघळाच्या मेंदूचे सर्व वर्णन हाती आले तरी वटवाघूळ असणे हे स्वतः वटवाघळाला कसे वाटते ते त्या वर्णनात सापडत नाही. यावरून भौतिक वर्णन अपुरे पडते हे कळते. जीव नित्य आहे हे कळत नाही. नास्तिकाच्या तर्कातील भेग म्हणजे आस्तिकाचा सिद्धान्त नव्हे.

या भूमीतील दर्शनांनी प्रश्नाची मांडणीच वेगळी केली होती. पाश्चात्त्यांचा वाद मन आणि मेंदू यांमधला. येथे मन हेच मुळी साधन. न्यायमतात मन हे अणुपरिमाण अंतरिंद्रिय आहे, आत्मा नव्हे. परंतु अनुभवाचे संस्कार राहतात ते आत्म्यातच, आणि स्मृती हा आत्म्याचा गुण. शरीर पालटले तरी बालपण आठवते, म्हणून आठवणारा शरीराहून निराळा, असा नैयायिकांचा आवडता युक्तिवाद. सांख्यमतात मात्र बुद्धी, अहंकार, मन ही तिन्ही जड प्रकृतीची कार्ये, आणि संस्कारही तिकडचेच. पुरुष केवळ साक्षी. मोलेसनच्या वृत्तानंतर नैयायिकांच्या युक्तिवादाची धार बोथट झाली आहे, हे मान्य करणे भाग आहे. स्मृतीला आत्म्याच्या पुराव्याला उभे करावे, तर तीच साक्षीदार उलटते. या एका बाबतीत सांख्यांची वाटणी अधिक टिकाऊ ठरते.

पण तिचे मोल द्यावे लागते. स्मृती, स्वभाव, विद्वत्ता, वक्तृत्व हे सर्व साधनांच्या पदरात टाकल्यावर जीवाकडे जे उरते ते अतिशय अल्प दिसते. ज्याला आपण ‘अमुक महंत’ किंवा ‘अमुक बाई’ म्हणून ओळखतो त्यातील बहुतेक सारे वजा झालेले असते. देहेंद्रियांचा संघात हा प्रपंच आणि जीव त्याहून भिन्न, असे म्हणणाऱ्याने हे खुल्या मनाने स्वीकारावे. पाठांतराचा अभिमान बाळगणाऱ्यांना ते जड जाईल.

दीक्षेचा प्रश्न याच्याशी संलग्न आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत असे मत मांडले की, जेथवर जाणीव मागे पोहोचते तेथवरच तो मनुष्य ‘तोच’. हे खरे धरले तर विस्मृत संन्यासी हा संन्यास घेतलेला पुरुषच नव्हे. टॉमस रीड याने १७८५ मध्ये यातील विसंगती दाखविली. बालपणी बाग लुटल्याबद्दल मार खाल्लेला मुलगा पुढे सैनिक होऊन शत्रूचे निशाण जिंकतो, आणि वार्धक्यात सेनापती होतो. सैनिकाला मार आठवतो. सेनापतीला निशाण आठवते, मार मात्र आठवत नाही. लॉकच्या न्यायाने सेनापती हा सैनिक आहे, सैनिक हा तो मुलगा आहे, आणि सेनापती मात्र तो मुलगा नाही! इतके दूर जाण्याचेही कारण नाही. गाढ निद्रेत कोणत्या संन्याशाला आपला संन्यास आठवतो? ऋण काढल्याचे विसरल्याने ऋण फिटत नाही. बंध राहतो, सुटतो तो दोष. ज्याला वेळेचे भान नाही त्याने अवेळी अन्न मागितले, ज्याला स्थळाचे भान नाही तो निषिद्ध स्थानी गेला, तर तेथे आचारभंगाचा संकल्पच नाही. अशा वृद्धावर रागावणारा शिष्य आचाराचे रक्षण करीत नसून आपल्या त्रासाला आचाराचे नाव देत असतो.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात स्मृती, ज्ञान व त्यांचा लोप ही तिन्ही ईश्वरापासून होतात असे म्हटले आहे. शांकरभाष्यात पुण्यवंतांना स्मृती व ज्ञान आणि पापी जनांना त्यांचा लोप, अशी वाटणी केली आहे. मूळ श्लोकात ती वाटणी नाही. इ. स. १९०६ मध्ये आलोइस आल्झायमर याने एका विस्मृतिग्रस्त स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले. आज तो विकार त्याच्या नावाने सर्वत्र ज्ञात आहे, आणि तो सज्जन-दुर्जन पाहून येत नाही. कर्मफळाचा सिद्धान्त कायम ठेवूनही, कोणाचे कोणते कर्म फळले हे शेजाऱ्याने सांगण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. ‘पाप भोगतो आहे’ हे उद्गार ज्यांच्या कानी पडतात त्या घरच्या माणसांचे दुःख सांगणाऱ्याला दिसत नसावे.

राहिला अंतकाळीच्या स्मरणाचा प्रश्न, आणि साधकांना खरी धास्ती असते ती याचीच. आठव्या अध्यायात अंतकाळी स्मरण करीत देह ठेवणाऱ्याला प्राप्ती सांगितली आहे; मग ज्याचे स्मरणसाधन अंतापूर्वीच नष्ट झाले त्याचे काय? श्लोकांचा क्रम पाहावा. अंतकाळीचा भाव हा सदैव भाविलेल्या भावाचा परिणाम, असे लगेच पुढे म्हटले आहे, आणि म्हणून सर्व काळी स्मरण करण्याची आज्ञा आहे. भार शेवटच्या क्षणावर नाही, आयुष्यभराच्या भावावर आहे. शिवाय जीव स्वतःच्या बळाने सुटतो असे ज्या मार्गात मानलेलेच नाही, तेथे स्मरणाची नोंद स्मरणाऱ्याच्याच डोक्यात शिल्लक असली पाहिजे हा आग्रह कशासाठी? परमेश्वराची कृपा आठवणीची वही तपासून होत नाही.

तरी एक गाठ उरतेच. मोलेसनला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्यास शिकविले गेले. हात दिवसेंदिवस सुधारत गेला; आपण हे पूर्वी कधी केले आहे हे मात्र त्याला प्रत्येक वेळी अज्ञात असे. हाताची आठवण आणि घटनेची आठवण यांची स्थाने मेंदूत वेगळी आहेत, हे त्यावरून उघड झाले. सर्व विसरलेल्या वृद्धांच्या मुखी प्रातःकाळी नाम आपोआप येते, ते या पहिल्या जातीचे असणे संभवते. ते स्मरण मानावे की केवळ जिव्हेचा अभ्यास? जिव्हेचा अभ्यास म्हणावे, तर तो अभ्यास कोणी, कशासाठी आणि किती वर्षे केला, हा प्रश्न उरतो. स्मरण म्हणावे, तर पोपटालाही ते द्यावे लागेल. पोपटाने मात्र तो अभ्यास स्वतःच्या संकल्पाने आरंभिला नव्हता, वृद्धाने आरंभिला होता. आणि लीळाचरित्राची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक आहे की, म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या एकाच्या स्मृतीतून नव्हे. नागदेवाचार्यांपासून आरंभ करून ज्याला जे आठवत होते ते त्यांनी विचारून घेतले, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. उशाशी बसून अर्धे राहिलेले नाम पूर्ण करणारी सून किंवा शिष्य तेच काम करीत असतो. वृद्धाचे ओठ पुन्हा हलू लागतात. पुष्कळदा तेवढ्यावर तो शांत झोपी जातो.