सुखरूप आलात ना?

वारीहून घरी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच, "सुखरूप आलात ना?" उत्तरही ठरलेले, "हो, माउलींच्या कृपेने सुखरूप." सज्जनहो, या शब्दाचा आपण कधी विचार केला आहे काय?

'ख' म्हणजे पोकळी. आकाशाला 'ख' म्हणतात ते त्यामुळेच. चाकाच्या तुंब्यात आस बसण्यासाठी जे भोक असते तेही 'ख'. ते नीट असेल तर 'सुख', बिघडलेले असेल तर 'दुःख', अशी एक व्युत्पत्ती पंडित सांगतात. ऋग्वेदात 'सुख' हे विशेषण रथाला लावलेले आढळते, ते या म्हणण्यास पोषकच आहे. म्हणजे बघा, सुख हा मूळचा गादीवर बसलेल्याचा शब्द नव्हे, वाट चालणाऱ्याचा आहे! पुढे वेदान्ताने आत्म्याला सुखरूप म्हटले. आपल्या मराठीने मात्र त्याच शब्दाचा अर्थ केला, धडधाकट, निर्विघ्न.

तरुणपणी एका आषाढीला पंढरीस पोहोचताच मी घरी कार्ड टाकले, "सुखरूप पोहोचलो." आमच्या दिंडीतले एक म्हातारेबाबा तापाने फणफणून वाटेतल्या गावी मागे राहिले होते. 'कोणीतरी बघेल' म्हणून आम्ही पुढे निघालो. मी मनाची समजूत घातली, "ताप देहाला, आत्मा सुखरूपच आहे." तिथल्या एका माउलीने पेज पाजली, बाबा बरे झाले. पण माझे कार्ड खोटे होते, ते खोटेच राहिले.

कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही तर पोहोचला होता, मग खोटे काय?" अहो, एक चाक फिरते आणि दुसरे अडकले, तर रथ चालला असे म्हणतात काय? दिवेघाटाच्या चढाला माउलींच्या रथास जादा बैलजोड्या जुंपतात, त्या कशासाठी?

आत्मा सुखरूप आहे, हे सत्यच. ते आपल्या दुखण्यात आधाराला घ्यावे, धीर येतो. दुसऱ्याच्या तापावर तेच लावले की पळवाट होते. कारण दोघांत आत्मा एकच, असे तेच शास्त्र सांगते. मग त्याला टाकून जाणारा कोणाला टाकून जातो?

म्हणून यंदा कोणी विचारले, "सुखरूप आलात ना?", तर उत्तर देण्यापूर्वी एकदा मागे वळून दिंडी मोजावी.

रामकृष्णहरि!