काकू म्हटलं की भाव कसा करायचा?

सेकंड हँड फोनची किंमत काढणं सोपं आहे. मॉडेल, स्टोरेज, बॅटरीची टक्केवारी टाकली की ॲप आकडा देतं. तो पटला नाही तरी भांडायला निदान आकडा असतो. मोटरहोमचं तसं नाही. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात जुनं मोटरहोम शोधायला निघालात, तर दिसते ती कुणीतरी घरच्या घरी पलंग आणि शेगडी बसवलेली ईको, नाहीतर ट्रॅव्हलर. अशी प्रत्येक गाडी एकुलती एक. जगात एकच असलेल्या वस्तूला बाजारभाव कुठून येणार? (डोंबिवलीत उभं राहायला जागा नाही आणि याला चाकावरचं घर हवंय, हा विनोद आमच्या घरी करून झालेला आहे.)

कौटिल्याकडे सूत्र होतं. देशी मालावर 5 टक्के नफा, परदेशी मालावर 10 टक्के, त्याहून जास्त घेतला तर दंड. पण त्यासाठी मालाचा खर्च माहीत हवा. निवृत्त माणसानं रविवार-रविवार बसून केलेल्या सुतारकामाचा खर्च काय धरायचा?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफनं 1970 मध्ये जुन्या गाड्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. आपल्याला मिळणारे सगळे सल्ले याच भीतीतून येतात. मेकॅनिक सोबत ने. सर्व्हिस रेकॉर्ड माग. कल्याण-बदलापूरकडची गाडी असेल तर कार्पेट उचलून गाळ बघ, 2005 आणि 2019 चे पूर आठव. या सगळ्यात गरीब बिचारा असतो तो घेणारा. जास्त माहिती घेणाऱ्याकडे असेल तर काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी बघितलेली ईको 2012 ची, एमएच-05, म्हणजे कल्याण आरटीओची. काका गेल्यावर ती वर्षभर सोसायटीत उभी होती. मागची सीट काढून तिथे काकांनी घडीचा पलंग केला होता, खाली भांड्यांचे खण, दाराशी सरकवून बाहेर येणारी शेगडी. काम इतकं नेटकं की खणाला हँडलऐवजी बोटापुरती गोल खाच होती, म्हणजे झोपेत गुडघा लागायला नको. काकू आधी मला 'तुम्ही' म्हणाल्या, चहा झाल्यावर 'तू'. मग म्हणाल्या, "मुलानं ॲपवर बघितलंय, दोन लाखांपर्यंत जाते म्हणाला. पण तू ही अशीच ठेवणार असशील तर दीड दे."

आता मला माहीत असलेली आणि काकूंना नसलेली गोष्ट. आरसीवर या गाडीला पाच सीट आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगीशिवाय असा फेरफार चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत असं सांगितलं. 2027 मध्ये पंधरा वर्षं भरणार, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला जाणार. तेव्हा पलंग निघणार आणि सीट परत बसणार. थोडक्यात, ज्या अटीसाठी काकू पन्नास हजार सोडत होत्या, ती अट फार दिवस पाळता येण्यासारखी नव्हती. आणि हे सांगितलं की पन्नास हजार जाणार.

माझा मित्र (गाड्यांच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा हुशार आहे) म्हणाला, "अरे, त्यांनी 'कायमची' असं कुठे म्हटलंय? 2027 पर्यंत ठेव. मान डोलाव आणि टोकन दे."

गप्प राहणं म्हणजे फसवणं का, यावर आपल्याकडे लिखित उत्तर आहे: भारतीय करार कायदा, 1872, कलम 17. सहसा नाही, असं ते सांगतं, आणि खाली चार छोटी उदाहरणं देतं. अ लिलावात ब ला घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे अ ला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. फसवणूक नाही. पण ब ही अ ची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात ब म्हणतो, तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरीन. तिथे अ चं गप्प राहणं बोलण्याइतकंच. चौथ्यात दोघं व्यापारी आहेत. भाव बदलणार असल्याची खासगी खबर अ कडे असली, तरी ती ब ला द्यायला तो बांधील नाही.

दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात घोडा तोच राहतो, खोट तीच राहते आणि बदलतं ते समोरच्याशी असलेलं नातं, ही गोष्ट मला फार आवडते. मित्र मला चौथ्या उदाहरणात बसवत होता. पण आपण ठाण्या-कल्याणात अनोळखी बाईला पहिल्या वाक्यातच 'काकू' म्हणतो. दार उघडावं, चहा मिळावा, काकूंनी खण उघडून दाखवावेत म्हणून म्हणतो. बहुतेकदा ते तोंडी लावणं असतं हे दोघांनाही माहीत असतं, आणि भाजीवाल्या मावशीही 'मावशी' ऐकून दर उतरवत नाहीत. त्यामुळे शब्दानं लगेच कर्तव्य येतं असं मी म्हणणार नाही. कर्तव्य आलं ते त्या 'असशील तर'मुळे. काकूंनी किंमतीतच एक विश्वास घातला होता. मान डोलावली की मी तो पन्नास हजारांना विकत घेतला असता, आणि नातं घेताना दुसऱ्या उदाहरणातलं, पैसे मोजताना चौथ्यातलं, असा दुहेरी हिशोब झाला असता.

मी सांगितलं. काकू जरा वेळ गप्प बसल्या, मग विचारलं, "मग तूच सांग, किती द्यायचे?"

हे जास्त अवघड निघालं. आता घेणाराही मी आणि पंचही मीच. माहिती दिल्यानं व्यवहार आपोआप न्याय्य होतो असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात माहितीसोबत समोरच्याचा पूर्ण भरवसा अंगावर आला. म्हणून आकडा मी सांगितला नाही. मुलाशी बोला, शिळफाट्याकडच्या एखाद्या डीलरला दाखवा, मग बोलू, असं म्हटलं. डीलरनं सव्वा लाख सांगितले. गाडी आधी फॉर्म 31 भरून काकूंच्या नावावर करावी लागणार, या सबबीवर त्यानं बरंच कापलं होतं. मुलानं दोन धरले. आम्ही एक लाख ऐंशीवर थांबलो, कागदपत्रांची धावपळ माझी.

मित्राला हा व्यवहार अजून पटलेला नाही. सीट परत बसवायचा खर्च तू करणार, मग पलंगाची किंमत उणे धरायला हवी होती, असं तो म्हणतो. बाजाराच्या हिशोबानं त्याचं बरोबर आहे: परवानगी नसलेलं सुतारकाम म्हणजे काढायची मजुरी. काकूंचा मुलगा मात्र पलंग मोजमाप घेऊन, एकेक स्क्रू काढून, पुण्याला घेऊन गेला. त्याच्या वन बीएचकेमध्ये तो कुठे बसणार आहे, मला कळत नाही.