हाताची चव, दर नगास

वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त चौसष्ट कला मोजून ठेवल्या आहेत. (ग्रंथाचं नाव वाचून ज्यांच्या भुवया चढल्या, त्यांनी यादी जरूर वाचावी, तीत शिवणकामसुद्धा आहे.) पहिला मान गाण्याचा आणि पुढे स्वयंपाकाचाही : ‘विचित्रशाकयूषभक्ष्यविकारक्रिया’. इथे विचित्र म्हणजे नानाविध. मेसच्या भाजीशी त्याचा संबंध लावू नये.

म्हणजे गवई आणि पोळीवाल्या बाई एकाच यादीतल्या. पण गवयाची बिदागी आपण पाकिटात घालून, वर श्रीफळ ठेवून, किंचित वाकून देतो. बाईंशी मात्र नगावर घासाघीस!

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पुरणपोळ्या करून विकतात. डाळ शिजवणं, कट काढणं, पुरण वाटणं, कणीक तेलपाण्याने तिंबणं, हे सगळं एकहाती. गेल्या होळीला त्यांनी पोळी तीसवरून चाळीस रुपयांवर नेली आणि जिन्यात चर्चासत्र भरलं. “डाळ-गुळाचा भाव आम्हाला कळत नाही का?” हे विचारणाऱ्या गृहस्थांच्या घरी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे. १९७० साली निघालेलं ते पुस्तक घराघरांत गेलं. ते घेताना कागदाचा भाव कुणी काढला नसावा.

वर हेच लोक काकूंना ‘साक्षात अन्नपूर्णा’ म्हणतात. फार सोयीची पदवी. देवीने कधी पावती फाडल्याचं ऐकिवात नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. एक दिवस बसून पोळीचं खर्चपत्रक मांडलं. डाळ, गूळ, वेलची, गॅस, मजुरी, सगळं बसलं. हाताची चव कुठे बसेना. हिशेबशास्त्रात तिला गुडविल म्हणतात आणि नियम असा की, स्वतः कमावलेलं गुडविल ताळेबंदात दाखवता येत नाही; कुणी पैसे मोजून ते विकत घेतलं तरच मालमत्तेच्या बाजूला चढतं. परीक्षेसाठी हा नियम मी घोकला होता. अर्थ कळला तो आमच्या जिन्यात.

पैसा आला की कला बाटते, असंही एक मत आहे. ते बहुधा एक तारखेला पगार होणाऱ्यांचं असतं. माझंच बघा ना. लेखाचं मानधन नाही आलं तरी आमच्याकडे कुकरची शिट्टी वेळेवर होते. तेव्हा माझी साहित्यनिष्ठा अगदी निर्मळ! काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “अरे, घरच्यांसाठी करते तेव्हा एखादी फुटली तर चालते. विकायची फुटून कसं चालेल?” म्हणजे पैशाने हात उलट पक्का केला. मग हळूच म्हणाल्या, “पण सणाला दीडशे लाटल्या की मला स्वतःला पुरणाचा वास नको होतो.” याला काही उत्तर सुचलं नाही. खर्चपत्रकात तोही रकाना नव्हता.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षं कामगारांना जेवू घालत होत्या, आणि किराण्यासाठी सावकाराचं जबर व्याज भरत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. इथेही नाव अन्नपूर्णाच. पण ही अन्नपूर्णा कर्जाच्या कागदावर सही करणारी होती.

परवा काकू आमच्या शाखेत आल्या. मोठं पुरणयंत्र घ्यायचंय, कर्ज हवंय. फॉर्ममध्ये ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन थांबलं.

“गृहिणीवर खूण करू ना?”

“काकू, स्वयंरोजगारावर करा.”

“मग गृहिणी कोण, तुझे काका?”

खूण एकाच चौकोनात करता येते. काकू पेन धरून विचार करत होत्या, आणि मागे रांगेत अकरा माणसं उभी होती.